अब्रुनुकसानीच्या दाव्यातील बचाव (इंदूर)

बदनामी केल्याच्या आरोपाला न्यायालयात द्यायचे उत्तर आणि त्याला आधार असलेला भाषणस्वातंत्र्याचा हक्क. इंदूरच्या मराठी माणसाला हा विषय दोन नावांनी भेटतो : घरात ‘अब्रुनुकसानी’, कोर्टाच्या कागदावर ‘मानहानि’. खासगी फौजदारी तक्रारीला इथे ‘परिवाद’ म्हणतात आणि तारखेला ‘पेशी’. मंडळाचा हिशेब, पतसंस्थेची निवडणूक, इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप, एवढ्यावरूनही नोटीस येऊ शकते.

संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आणि १९(२) ने त्यावर घालता येणाऱ्या वाजवी निर्बंधांत अब्रुनुकसानीचा समावेश केला. भरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. फौजदारी बाजू पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९-५०० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा. सुब्रमण्यम स्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हा गुन्हा घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. मात्र तो अदखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता न येणारा) आणि जामीनपात्र आहे. त्यामुळे ‘ठाण्यातून उचलून नेऊ’ ही धमकी बहुतेक वेळा पोकळ असते.

बचावाचा कणा म्हणजे सत्य. दिवाणी दाव्यात विधान खरे ठरले की पुरते. फौजदारीत ते खरे असून लोकहितासाठी केलेले होते, हेही दाखवावे लागते. शिवाय खरे असणे वेगळे आणि खरे ठरवता येणे वेगळे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने टीका केली, पण ज्या पत्रांवर ती उभी होती ती बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतू स्वच्छ होता, पुरावा कच्चा. ‘सद्भावना’ या शब्दाचा कायद्यातला अर्थच मुळी योग्य काळजी घेऊन केलेली कृती असा आहे.

मजकूर मराठीत असेल तर इंदूरला आणखी एक गुंता होतो. दाव्यात मूळ शब्द भाषांतरासह मांडतात. ‘फार शहाणे आहात’ याचे हिंदीत ‘समझदार’ झाले की टोमणाच उरत नाही. उलट साधा शब्द भाषांतरात भडकही होऊ शकतो. म्हणून प्रतिवादीने समोरच्याचे भाषांतर तपासल्याशिवाय मान्य करू नये. उपरोधही सुटत नाही : ‘तो प्रामाणिक माणूस, त्याने घड्याळ चोरलेच नाही’ अशा धर्तीचे उदाहरण खुद्द जुन्या संहितेतच आहे.

कोणाला सांगितले, यालाही महत्त्व आहे. हिशेबातील गफलतीची तक्रार सद्भावनेने संबंधित सहकार अधिकाऱ्याकडे केली तर ती कायद्याने गुन्ह्यातून वगळलेल्या अपवादात बसू शकते. तेच वाक्य ग्रुपवर टाकले तर तो आसरा जातो. नाटकावरील प्रामाणिक टीका आणि कोर्टाच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त यांनाही संरक्षण आहे. राजगोपाल खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या निकालानुसार महानगरपालिकेसारखी संस्था स्वतः बदनामीची भरपाई मागू शकत नाही.

नोटीस आली की दिवाणी न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आमचे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये’ असा अर्ज, दाखल करणे शहाणपणाचे. ते ९० दिवस टिकते आणि आपल्या माघारी मनाई हुकूम होण्याचा धोका कमी करते. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अशा एकतर्फी मनाईबद्दल खालच्या न्यायालयांना सावध केले आहे. परिवादावर दखल घेण्यापूर्वी आरोपीचे ऐकून घेणे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) आवश्यक केले आहे. ही संधी वाया घालवू नये. परिवाद रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे जाता येते, जबलपूर गाठावे लागत नाही. पण अपवादात बसतो हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, आणि तो पुराव्याचा प्रश्न म्हणून बरेचदा खालच्याच कोर्टात सुटतो. तोवर पेशीला हजर राहायचे, नाहीतर हजेरीतून सूट मागणारा अर्ज द्यायचा.