एका छत्रीवर अनेक टीव्ही (ठाणे–नवी मुंबई)

उपग्रहावरून थेट घरी येणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण (डीटीएच) एकाच डिशवर घेऊन दोन किंवा अधिक सेट टॉप बॉक्सना पुरवण्याची जोडणी. बोलीत डिशला छत्री म्हणतात. डिशच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या, संदेश पकडून वायरीत सोडणाऱ्या यंत्राला मात्र मराठी नाव मिळाले नाही, त्याला सगळे एलएनबीच म्हणतात. भारतात खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये आणि दूरदर्शनची मोफत सेवा २००४ मध्ये सुरू झाली. घरात दुसरा टीव्ही आला तसा दुसऱ्या बॉक्सचा प्रश्न उभा राहिला. ठाणे आणि नवी मुंबईत त्याचे उत्तर फ्लॅटचे तोंड कुठे आहे आणि सोसायटी गच्चीवर काय करू देते, यावरही ठरते.

टी का चालत नाही

केबलच्या काळात हॉलमधली वायर बेडरूममध्ये न्यायची असली की केबलवाला एक टी, म्हणजे एका वायरीचे दोन फाटे करणारा जोड, मारून द्यायचा. त्या वायरीतून सगळ्या वाहिन्या एकाच वेळी वाहत आणि टीव्ही त्यांतली हवी ती उचलत असे. एका वायरीला चार फाटे फुटले तरी पडद्यावर थोड्या मुंग्या यायच्या, इतकेच. ही सवय डिशला लावली की बिघडते. डिशच्या वायरीतून चित्र खाली येते आणि त्याच वायरीतून बॉक्सचा हुकूम वर जातो.

उपग्रहाचे संदेश केयू पट्ट्यात, म्हणजे १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ या कंप्रतेवर (फ्रिक्वेन्सीवर) येतात. त्यांत उभे आणि आडवे असे दोन ध्रुवण, म्हणजे लहरी कंप पावण्याच्या दोन दिशा, असतात आणि दोन्हींवर वेगवेगळ्या वाहिन्या बसवलेल्या असतात. एवढा पसारा वायरीत मावत नाही. एलएनबी कंप्रता उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये आणते, तरी एका वेळी साधारण चौथा हिस्साच खाली पाठवता येतो. कोणता हिस्सा हवा ते बॉक्स सांगतो. वायरीत १३ व्होल्ट सोडले तर उभे ध्रुवण, १८ सोडले तर आडवे. सोबत २२ किलोहर्ट्झचा सूक्ष्म सूर असेल तर पट्ट्याचा वरचा भाग, नसेल तर खालचा.

आता एका एलएनबीवर टी लावून दोन बॉक्स जोडले तर दोन मालक आणि एक गडी अशी गत होते. बेडरूममध्ये सासूबाईंची मालिका लागली की हॉलमधल्या बातम्या जातात, वाहिनी बदलली की परत येतात. घरातल्यांना वाटते, बॉक्स बिघडला. प्रत्यक्षात १८ व्होल्टवाल्याने १३ व्होल्टवाल्यावर मात केलेली असते. दोन्ही बॉक्सना लागणाऱ्या सगळ्या वाहिन्या एकाच ध्रुवणावर आणि एकाच भागात असतील तरच टी निभावते. तेव्हाही संदेश निम्मा होतो, म्हणजे तीनएक डेसिबल वाटेतच गेले. कोरड्या दिवसात ते कळत नाही, जूनच्या पहिल्या सरीत कळते.

तोंडे मोजणे

म्हणून बॉक्स जितके, तितकी तोंडे, म्हणजे वायर जोडायच्या जागा, एलएनबीला लागतात. दोन तोंडांची ट्विन, चार तोंडांची क्वाड, आठांची ऑक्टो. प्रत्येक तोंडामागे स्वतंत्र स्विच असल्याने एकाचा हुकूम दुसऱ्याला लागत नाही. प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासून वेगळी अखंड वायर हवी, हे मात्र लोकांना पटवणे कठीण जाते. एक वायर असताना दुसरी कशाला, हा प्रश्न ठरलेला. एक वाहिनी पाहताना दुसरी रेकॉर्ड करणाऱ्या बॉक्सच्या आत वाहिनी उचलणारे दोन ट्यूनर असतात, त्यामुळे तो एकटाच दोन तोंडे खातो.

येथे नावांचा एक घोळ आहे. क्वाड आणि क्वाट्रो दोन्हींना चार तोंडे असतात आणि दिसायलाही दोन्ही सारख्याच. क्वाट्रोच्या तोंडांना स्विच नसतात, प्रत्येकातून एक ठरावीक हिस्सा कायम येत राहतो. ती थेट बॉक्सला जोडली तर एक-चतुर्थांश वाहिन्या दिसतात आणि बाकी ठिकाणी 'सिग्नल नाही'. क्वाट्रो ही मल्टिस्विचसाठी, म्हणजे एका एलएनबीचा संदेश अनेक बॉक्सना वाटणाऱ्या पेटीसाठी असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरेदी करताना खोक्यावरचे अक्षर न् अक्षर वाचावे.

दिशा

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. ठाण्याचे रेखावृत्त जवळपास ७३ अंश पूर्व. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर, दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंशांवर, एअरटेलचा १०८.२ अंशांवर. हे सगळे आपल्या पूर्वेला आणि आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, त्यामुळे डिश नेहमी आग्नेयेच्या बाजूला रोखावी लागते. ८३ अंशांसाठी ती दक्षिणेकडे अधिक झुकते, १०८.२ साठी पूर्वेकडे.

यातून एक गंमत होते. खाडी ठाणे शहराच्या पूर्वेला आहे आणि नवी मुंबईच्या पश्चिमेला. त्यामुळे ठाण्यात खाडीकडे तोंड असलेल्या बाल्कनीत छत्री लागते, पण पाम बीच रोडवर खाडीचे दृश्य म्हणून जादा पैसे मोजलेल्या फ्लॅटला ती लागत नाही, कारण स्वतःचीच इमारत आड येते. घोडबंदर रोडवर येऊरच्या डोंगराकडे खिडक्या असणाऱ्यांचेही तेच. अशांना गच्चीवाचून इलाज नाही.

डोंगर मात्र आड येत नाही. ठाण्याहून ८३ अंशांवरचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर असतो, फ्री डिशचा ५७–५८ अंश आणि १०८.२ अंशांवरचा ४४ अंशांच्या आसपास. पारसिकची टेकडी एवढी उंच नाही, समोरचा टॉवर असू शकतो. डिशपेक्षा २० मीटर उंच इमारत त्याच दिशेला उभी असेल, तर पहिल्या उपग्रहासाठी ती साडेनऊ मीटरांपलीकडे असली की पुरते. शेवटच्यासाठी २० मीटरांहून अधिक अंतर लागते. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकास सुरू झाला की एखाद्या घरातला एका कंपनीचा बॉक्स बंद पडतो आणि वरच्या मजल्यावरचा दुसऱ्या कंपनीचा चालू राहतो, त्याचे कारण हे. घरगुती डिश ऑफसेट घडणीची असते. तिचा चेहरा प्रत्यक्ष रोखापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली झुकलेला दिसतो, म्हणून ती समोरच्या घराच्या खिडकीत डोकावते आहे असे वाटते.

गच्ची आणि वायर

सोसायटीच्या गच्चीवर डिश लावायची तर पहिला वाद भोकांचा. अँकर बोल्ट मारला की कोब्याचे वॉटरप्रूफिंग फुटते आणि सर्वांत वरच्या मजल्यावर ओल उतरते. म्हणून कित्येक सोसायट्या गच्चीला भोक पाडू देत नाहीत. डिश सिमेंटच्या ठोकळ्यावर किंवा पॅरापेटच्या आतल्या अंगाला बसवावी लागते. गळतीला कंटाळून जुन्या इमारतींनी गच्चीवर पत्र्याची शेड चढवली असेल तर डिश शेडच्या पाइपला बांधतात. हा मार्ग सर्वांत वाईट. वाऱ्याने पत्रा थरथरतो, त्याच्याबरोबर डिश, आणि एखाद-दोन अंशांची चूकही संदेश घालवायला पुरे असते.

वायर आरजी-६ प्रतीची, ७५ ओहमची लागते. २ गिगाहर्ट्झला तिच्यात दर १०० मीटरमागे ३० डेसिबलच्या आसपास घट होते. बाराव्या मजल्याच्या गच्चीवरून दुसऱ्या मजल्यावर यायचे तर डक्टमधून ३०–३५ मीटर वायर सहज जाते. स्वस्त वायरीत मधली तार लोखंडी आणि वर तांब्याचा मुलामा असतो. तिला चुंबक चिकटते, हीच तिची परीक्षा. अशा लांब तारेत बॉक्सने सोडलेले १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत इतके घटू शकतात की एलएनबीला ते १३ वाटतात. मग नेमक्या आडव्या ध्रुवणाच्या वाहिन्या जातात, बाकीच्या झकास दिसतात.

बिघाड ओळखायची रीत यावरूनच बसली आहे. सगळे बॉक्स एकदम गेले तर पाऊस किंवा डिशची दिशा, एकच बॉक्स गेला तर त्याची वायर, ठरावीक वाहिन्याच गेल्या तर व्होल्टेज. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला भर उन्हात काही मिनिटे सगळेच गेले तर सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो. तेव्हा कोणाला बोलावू नये.

खाडीकाठच्या दमट, खारट हवेत वायरीच्या टोकाचे पेचाचे जोड, म्हणजे एफ कनेक्टर, लवकर गंजतात. काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. पाणी वायरीच्या आतल्या जाळीतून झिरपत थेट बॉक्सपर्यंत पोचते. त्यावर उपाय म्हणजे एलएनबीच्या जोडावर रबरी टोपी आणि खिडकीतून आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ, म्हणजे थेंब तिथेच गळतो. डक्टमध्ये उंदीर असतात, त्यांच्यावर लोखंडी पाइपाशिवाय उपाय नाही.

टॉवरमधली पद्धत

वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतीत प्रत्येक घराची छत्री शक्य नसते. तिथे गच्चीवर कंपनीगणिक एक डिश, तिच्यावर क्वाट्रो एलएनबी आणि तिच्यातून चार वायरी खाली. काही मजल्यांआड मल्टिस्विच. प्रत्येक घरचा बॉक्स त्या स्विचला हुकूम देतो, वरच्या एलएनबीला नाही. चार कंपन्या घेतल्या की वायरी सोळा होतात. अशा सतरा तोंडांच्या स्विचवर सतरावे जमिनीवरच्या अँटेनासाठी ठेवलेले असते, ते बहुधा टोपी घालून बंदच राहते. युरोपात २००७ मध्ये प्रमाणित झालेल्या एका पद्धतीत प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र कंप्रता वाटून दिली जाते आणि एका वायरीवर आठ बॉक्सपर्यंत चालतात. पण त्यासाठी एलएनबी आणि बॉक्स दोन्ही तशाच घडणीचे लागतात. अलीकडे प्रकाशतंतूवर चालणारी एलएनबी लावून एका बारीक तंतूतून अख्खी इमारत जोडता येते.

वायर जोडली म्हणून सशुल्क वाहिनी दिसत नाही. प्रत्येक बॉक्सची वर्गणी वेगळी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये घरातल्या दुसऱ्या व पुढच्या टीव्हीसाठी नेटवर्क शुल्कावर पहिल्याच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये हे शुल्क ठरवणे कंपन्यांवर सोडण्यात आले. फ्री डिशला मासिक वर्गणी नाही, तिथे खर्च एलएनबी, वायर आणि बॉक्सचा.

ब्रॉडबँड आल्यावर अनेक घरांनी जोडणी बंद केली, पण छत्र्या कोणी उतरवल्या नाहीत. इमारतीला रंग द्यायला परांची बांधली जाते, तेव्हा रंगारी त्यांच्या वायरी कापून टाकतात आणि त्यांत एखादी चालू वायरही जाते.