कार्बॉनिफेरस वनस्पती जीवाश्म : संकलन व ओळख

सुमारे ३५.९ ते २९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या कार्बॉनिफेरस कालखंडातील वनस्पतींचे खडकात टिकलेले अवशेष शोधणे, ते न मोडता सोडवणे आणि अवयवांच्या खुणांवरून त्यांना नाव देणे, हा पुरावनस्पतिविज्ञानाचा पायाभूत भाग आहे.

सोलापूर परिसरात हे जीवाश्म मिळत नाहीत. येथील काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, तर घराघरांत बसवलेल्या शहाबादी फरशीचा चुनखडक जमिनीवर झाडे येण्यापूर्वीचा आहे. तरीही विहीर खणताना फुटलेल्या दगडाच्या भेगेत कधी नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते आणि लोक ती जीवाश्म समजून जपतात. ती झिरपत्या पाण्यातून साचलेल्या मँगनीज व लोहाच्या ऑक्साइडांची असते. भिंगाखाली पाहिल्यास तिला मध्यशीर नसते, फांद्या वाटेल तशा फुटतात आणि पर्णिकांची, म्हणजे पानाच्या छोट्या दलांची, ठरावीक मांडणी कोठेच सापडत नाही. सोलापूरच्या अभ्यासकाने सुरुवात याच परीक्षेपासून करावी, कारण जीवाश्म काय नाही हे कळल्याशिवाय नजर तयार होत नाही.

कार्बॉनिफेरस काळी भारत गोंडवन या दक्षिणेकडील एकसंध महाखंडात, दक्षिणेच्या हिमाच्छादित पट्ट्यात होता; दलदलीची घनदाट अरण्ये विषुववृत्तालगतच्या, म्हणजे आजच्या ब्रिटन, जर्मनी, पोलंड व उत्तर अमेरिकेच्या भूमीवर होती. चंद्रपूरकडील दगडी कोळसा त्यानंतरच्या पर्मियन कालखंडातला असून त्याच्याबरोबर जिभेच्या आकाराची, जाळीदार शिरांची ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीची पाने सापडतात. ती कार्बॉनिफेरस म्हणून नोंदवण्याची चूक टाळावी.

संकलन मुख्यतः कोळशाच्या थरावरील शेलमधून, म्हणजे चिखल दाबून बनलेल्या पापुद्रेदार खडकातून, होते. शेल थराच्या दिशेने छिन्नीने उकलतात आणि ठशाचे दोन्ही भाग एकत्र ठेवतात, कारण एकावर न उतरलेली शीर दुसऱ्यावर असू शकते. जागा व थर तिथल्या तिथे लिहून ठेवावा. नोंद नसलेला सुंदर नमुना शोभेपुरताच उरतो. अमेरिकेतील मेझॉन क्रीक येथील लोहकार्बोनेटाचे गोटे हातोड्याने फोडण्याऐवजी पाण्यात भिजवून वारंवार गोठवतात व वितळवतात, म्हणजे ते जीवाश्माच्या पातळीवर आपोआप उकलतात. कॅनडातील जॉगिन्सचे कडे २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहेत. अशा संरक्षित ठिकाणी परवानगीशिवाय काही उचलता येत नाही.

ओळखीतील खरी अडचण अशी की झाड अखंड सापडत नाही. म्हणून खोड, मूळ, पान व बीज यांना स्वतंत्र नावे देण्याची पद्धत पडली. लेपिडोडेंड्रॉन या वृक्षाच्या सालीवर शंकरपाळ्यासारख्या चौकटी तिरप्या ओळींत असतात आणि प्रत्येक चौकटीत गळलेल्या पानाचा व्रण असतो. सिजिलॅरिया या त्याच्या नातलग वृक्षात हे व्रण उभ्या रांगांत येतात. या दोहोंच्या मुळांसारख्या भागाला मात्र स्टिग्मॅरिया हे एकच नाव आहे. कॅलामाइट्स या वृक्षाच्या खोडाला ज्वारीच्या ताटासारखी पेरी असतात, पण त्याच्या उभ्या कडा पेरापाशी एकमेकींना चुकवून जातात आणि ज्वारीशी त्याचे नातेही नाही. पुष्कळदा हाती येतो तो खोडाच्या पोकळीत भरलेल्या गाळाचा साचा. नेच्यासारख्या पानांच्या प्रकारांत न्यूरॉप्टेरिसची पर्णिका बुडाशी आवळलेली, पेकॉप्टेरिसची पूर्ण रुंदीने चिकटलेली, तर अलेथॉप्टेरिसची बुडाशी देठावर खाली पसरलेली असते.

ही पाने दीर्घकाळ नेच्यांचीच मानली जात. १९०३ मध्ये ऑलिव्हर व स्कॉट या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी अशाच पानांच्या लायजिनॉप्टेरिस या वनस्पतीचे बीज ग्रंथींच्या सारखेपणावरून ओळखले आणि बीजी नेच्यांचा, म्हणजे नेच्यासारखी पाने पण बीज असलेल्या वनस्पतींचा, वेगळा गट सिद्ध झाला. पेशींपर्यंतचा असा पुरावा कोळशातील चुनामय गोळ्यांत मिळतो. गोळा कापून, घासून त्याचा पृष्ठभाग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने किंचित झिजवतात, त्यावर अॅसिटोन ओतून अॅसिटेटची पातळ फिल्म बसवतात आणि वाळल्यावर ती सोलली की पेशींच्या भित्ती फिल्मबरोबर निघून येतात.