नाकाच्या जागी खड्डा

पांढऱ्या पीव्हीसी पाइपावर कोरलेल्या चेहऱ्यांचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. पाइप सावकाश फिरतो, वरून एक बारीक बिट (कोरणारं पातं) खालीवर होत जातं, पांढरा भुसा उडत राहतो. काम संपल्यावर हाती येतो तो नुसताच ओबडधोबड पाइप. मग आत दिवा लागतो आणि हुबेहूब फोटो! त्याखाली हमखास लिहिलेलं असतं: 'चेहऱ्याचं थ्रीडी शिल्प'.

शिल्प? त्या चेहऱ्याच्या नाकावरून एकदा बोट फिरवून बघा. खऱ्या चेहऱ्यात सगळ्यात पुढे असतो तो नाकाचा शेंडा, आणि इथे नेमका तिथेच खड्डा लागतो, कारण फोटोत नाकाचा शेंडा चकाकत असतो. भुवया, बुबुळं, केस मात्र उंचवट्यावर. माणसाने पांढरा सदरा घातला असेल तर छाती खोल जाते, काळा कोट घातला असेल तर वर येते. या उंचसखलपणाचा चेहऱ्याच्या ठेवणीशी काडीचाही संबंध नाही. जिथे उजेड जास्त हवा तिथे भिंत पातळ, जिथे कमी हवा तिथे जाड, एवढाच नियम. याला लिथोफेन म्हणतात.

कल्पना नवी नाही. फ्रान्समध्ये बॅरन पॉल द बुर्गोआँ यांनी १८२७ साली याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जर्मनीतल्या मायसेन, बर्लिन वगैरे ठिकाणच्या चिनीमातीच्या कारखान्यांनी अशा पातळ तबकड्या काढल्या. कारागीर काचेवर मेणाचा थर घेऊन मागून उजेड सोडायचा आणि मेण कोरत जायचा. त्यावरून साचा, साच्यातून चिनीमाती, मग भट्टी. यातली ग्यानबाची मेख म्हणजे कोरतानाच मागून उजेड असायचा. किती मेण काढल्यावर किती उजळतं, हे त्याला डोळ्यांना दिसत होतं. आपलं यंत्र आंधळं आहे. त्याला आधीच सांगावं लागतं: या ठिपक्याला इतके मिलिमीटर. आणि हा आकडा काढायचा तर पांढऱ्या प्लास्टिकमधून उजेड जातो कसा, हे माहीत पाहिजे.

पीव्हीसी मुळात पारदर्शकच. त्याला पांढरा करतात ते त्यात मिसळलेले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण. प्लास्टिकचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात शिरताना किती वळतो, त्याचा आकडा) १.५ च्या आसपास, या कणांचा २.७ च्या आसपास. या फरकामुळेच प्रकाश कणांवर विखुरतो. शिवाय कणांचा आकार मुद्दाम ०.२ ते ०.३ मायक्रॉन ठेवतात, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मा, कारण या आकाराला प्रकाश सर्वांत जास्त विखुरतो. लक्षात घ्या, कण प्रकाश गिळत नाही, फक्त त्याला भलतीकडे वळवतो. अशा काही टकरा झाल्या की आपण कुठून आलो आणि कुठे निघालो होतो, हे प्रकाशकण पार विसरलेला असतो. तो विसर पडायला जेवढं अंतर लागतं त्याला आपण 'एक पाऊल' म्हणू.

इथे बरेच जण, त्यात चांगले इंजिनिअरही आले, कॉलेजात शिकलेला घातांकी नियम काढतात: दर थराला उजेड तेवढ्याच टक्क्यांनी घटतो. तो नियम रंगीत पाण्याला ठीक, कारण तिथे उजेड शोषला जातो. आपल्या पाइपात शोषण नगण्य आहे. जो उजेड बाहेर आला नाही, तो मेला नाही. तो मागे फिरून परत पाइपाच्या पोकळीत गेला.

मग बाहेर किती येतो? 'न' पायऱ्यांचा जिना समजा, एक पायरी म्हणजे वरचं 'एक पाऊल', आणि शेवटची पायरी म्हणजेच गच्ची. एक माणूस पहिल्या पायरीवर उभा राहून नाणं उडवतो. छाप आला की एक पायरी वर, काटा आला की एक खाली. जमिनीवर आला की खेळ संपला, गच्चीवर पोचला की जिंकला. जमीन म्हणजे पाइपाची पोकळी, गच्ची म्हणजे बाहेरची हवा. गच्चीवर पोचण्याची शक्यता किती? कुठल्याही पायरीवर उभं राहिलं तरी पुढची चाल अर्धी वर, अर्धी खाली. म्हणून त्या पायरीवरची शक्यता ही तिच्या वरच्या आणि खालच्या पायरीवरच्या शक्यतांची सरासरी असली पाहिजे. जे आकडे ओळीने आपल्या दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी असतात, ते सरळ रेषेतच बसतात. दुसरं काही शक्यच नाही. जमिनीवर शून्य, गच्चीवर एक, मध्ये समान अंतराने वाढ. म्हणजे पहिल्या पायरीवरून जिंकण्याची शक्यता बरोबर १/न. पायऱ्या दुप्पट केल्या की शक्यता निम्मी.

झालं. बाहेर येणारा उजेड जाडीच्या व्यस्त प्रमाणात. चार ओळींत निघणारं हे उत्तर मला अजूनही फार देखणं वाटतं. कुबेल्का आणि मुंक या दोघांनी १९३१ साली रंगाच्या थरांसाठी जी समीकरणं मांडली, त्यांत शोषण शून्य धरलं तरी हेच मिळतं, फक्त छेदात जाडीच्या जोडीला एक लहानसा स्थिरांक येतो.

शोषण नगण्य म्हटलं, पण अगदीच शून्य नसतं. नाणं उडवत 'न' पायऱ्या चढणाऱ्याला वर पोचेपर्यंत लागणाऱ्या एकूण चाली 'न'च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे जाडी दुप्पट झाली की उजेडाने आत तुडवलेली वाट चौपट. टायटॅनियम डायऑक्साइड जांभळ्या टोकाचा प्रकाश थोडा खातो, आणि प्लास्टिकची स्वतःची पिवळसर झाकही असते. पातळ भागात हे कळतही नाही. जाड भागात चौपटीच्या हिशेबाने निळा गळतो आणि सावल्या तपकिरी होतात. जुन्या फोटोंसारखी ती छटा कुणी मुद्दाम आणलेली नसते.

आता आकडे घालू. भिंत ३ मिमी आहे आणि सर्वांत उजळ जागी ०.६ मिमी ठेवायची आहे. व्यस्त प्रमाणाने सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद यांचं गुणोत्तर फक्त पाच. मोबाइलच्या पडद्यावर ते याहून कितीतरी जास्त असतं. तरी चेहरा ओळखू येतो, कारण डोळा उजेडाचे फरक मोजत नाही, गुणोत्तरं मोजतो. त्यामुळे मधला राखाडी दिसायला हवा असेल, तर जाडी ०.६ आणि ३ यांची साधी सरासरी, म्हणजे १.८ मिमी, घेऊन चालत नाही. भूमितीय सरासरी घ्यावी लागते: दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, १.३४ मिमी. फोटो जसाच्या तसा सरळ जाडीत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निघालेले चेहरे मळकट का दिसतात, त्याचं उत्तर या जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरात आहे. (पिक्सेलचे आकडे हीसुद्धा सरळ मोजपट्टी नव्हे. ० ते २५५ मधला १२८ म्हणजे निम्मा उजेड नाही, सुमारे २२ टक्के. ज्यांना सूत्र लिहायचं आहे त्यांनी हे विसरू नये. बाकीच्यांनी पुढे चला.)

पाइप धरून फिरवणाऱ्या जोडसाधनाचं, म्हणजे जिगचं, काम त्या मानाने सरळ आहे. सपाट सीएनसी राउटरला (संगणकाच्या हुकमाने कोरणाऱ्या यंत्राला) आडवा, उभा आणि खोली असे तीन अक्ष असतात. त्यातला एक सोडवून त्याच्या मोटरची वायर पाइप फिरवणाऱ्या मोटरला जोडायची. एका टोकाला पाइप पकडून फिरवणारा चक, दुसऱ्या टोकाला त्याला आधार देणारा टेलस्टॉक. नेहमीची स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) फेऱ्याला २०० पावलं टाकते, पावलाचे सोळा भाग केले तर ३२००. पाइपाचा बाहेरचा व्यास ११० मिमी असेल तर परीघ ३४५.६ मिमी, म्हणजे मिलिमीटरमागे ९.२६ पावलं. हा एक आकडा कंट्रोलरमध्ये भरला की यंत्राला पत्ताच लागत नाही की आपण गोलावर काम करतोय. पाइप एकाच दिशेने फिरत ठेवून बिट फेऱ्यामागे ०.३ मिमी सरकवलं, तर जोडणीतली ढिलाई चित्रात उतरत नाही. १५० मिमी लांबीला ५०० फेरे होतात, म्हणजे १७३ मीटरची वाट. मिनिटाला एक मीटर वेगाने जवळजवळ तीन तास.

नवखे लोक जिग बसवताना बिटाचं टोक अक्षाच्या बरोबर वर आणायला फार घाम गाळतात. टोक एक मिलिमीटर बाजूला राहिलं तरी खोलीत फरक पडतो ०.००९ मिमीचा. त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. जीव टाकायचा तो पाइपाच्या गोलाईवर. पाइप थोडे अंडाकृती असतातच, आणि भिंतही सगळीकडे सारखी नसते. यंत्र बाहेरून किती खोल गेलो ते मोजतं; उजेडाला मात्र उरलेल्या भिंतीशी मतलब. केसांत भिंत ३ मिमीची, तिथे ०.१ मिमी इकडेतिकडे झालं तर उजेड तीनेक टक्क्यांनी बदलेल, कुणाला कळणार नाही. कपाळावर भिंत ०.६ मिमीची, तिथे तीच चूक सोळा-सतरा टक्क्यांची. म्हणून पट्टे नेहमी कपाळावर आणि गालांवर दिसतात. उपाय म्हणजे आत नेमक्या मापाच्या चकत्या ठोकून पाइप गोल करायचा, मग बाहेरून एक हलका हात मारून घ्यायचा, आणि त्यानंतरच चित्राला हात घालायचा.

एक जागा मात्र हटकून रडवते: डोळ्यातला चकाकणारा ठिपका. भोवती बुबुळाचा ३ मिमीचा काठ, मध्ये ०.६ मिमीपर्यंत उतरायचं, म्हणजे २.४ मिमी खोल. साठ अंशांचं व्ही-बिट (निमुळत्या टोकाचं) एवढं खाली गेलं की वरचं तोंड २.८ मिमी रुंद होतं. लहान चेहऱ्यात तेवढं अख्खं बुबुळही नसतं. बरं, बारीक बिट आणलं तरी निम्माच प्रश्न सुटतो. भटकणारा उजेड बाजूलाही सरकतो, साधारण जाडीएवढाच. त्यामुळे जाड भागातला बारीक तपशील धुकट होणारच. उजळ भाग रेखीव, सावल्या मऊ, ही या माध्यमाची जात आहे. चेहरा मोठा घ्या, नाहीतर डोळ्याची चमक सोडून द्या.

दिवा बंद असताना चित्र का दिसत नाही? समोरून पडणारा उजेड पृष्ठभागाचा उतार दाखवतो, मागून येणारा जाडी दाखवतो. कॅलक्युलसच्या भाषेत, एकाच फलनाचं बाहेरून दिसतं ते विकलज आणि आतून उजळतं ते मूळ फलन. असल्या उतारांवरून चेहरा ओळखणं डोळ्याला जमत नाही. या गोष्टीचा उपयोग करून 'दिवा लागताच मूर्ती प्रकटली' असा चमत्कार विकायला कुणी बसलाच, तर त्याला एवढंच विचारा, की नाक आत का गेलंय?

पाइप निवडताना पांढराच घ्या. करड्या पाइपात काजळी असते, ती उजेड खरोखर गिळते. मग वरचं जिन्याचं गणित कोसळतं. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, म्हणून आत एलईडीच हवा, आणि कोरताना स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) बेताने फिरवायचा, नाहीतर भुसा वितळून बिटाला चिकटतो. भुशावर स्थिर विद्युत चढते आणि तो हातापायांना, कपड्यांना चिकटत राहतो. मास्क हवाच, जुन्या पाइपांत शिशाची संयुगेही असू शकतात. लेझरने पीव्हीसी कोरण्याच्या फंदात तर पडूच नका. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, जो आधी तुमच्या घशाला आणि मग यंत्राच्या लोखंडाला खातो.

आणि पहिला पाइप फोटोवर घालवू नका. त्याच पाइपाच्या एका तुकड्यावर ०.६ पासून ३ मिमीपर्यंत दहा पायऱ्या कोरा, आत दिवा लावा, मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करून फोटो काढा आणि प्रत्येक पायरीचा उजेड लिहून ठेवा. पाइपाचा स्थिरांक, पिवळेपणा, शोषण, सगळं त्या दहा आकड्यांत येतं, आणि सॉफ्टवेअरला द्यायचा तक्ता तोच.