३१५व्या जागेची खोड

दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि रिपोर्टमधला एकच आकडा बघायचा: बीसीआर-एबीएल. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग, झालेल्यांना हा शिरस्ता पाठ असतो. आकडा उतरत गेला की घर निश्चिंत. चढला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला, “गोळ्या चुकवत नाही ना?” पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं. पण एकही गोळी न चुकता आकडा चढला, तर जनुकाकडे वळावं लागतं.

या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुकं जोडली जाऊन एक भलतंच प्रथिन तयार होतं आणि रक्तपेशींना थांबूच देत नाही. २००१ साली अमेरिकेत मंजूर झालेलं इमॅटिनिब या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं काम बंद पाडतं. काही वर्षांत जीव घेणारा आजार त्यामुळे रोजच्या गोळीवर आला.

त्या खाचेत ३१५व्या जागी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल असतं. इमॅटिनिब हायड्रोजन बंधाने त्यालाच धरून बसतं. जनुकातलं एक अक्षर बदलतं, एसीटीचं एटीटी होतं, की थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन येतं. धरायला काही उरत नाही, वर त्याचं धूड वाटेत आडवं. हाच तो टी३१५आय नावाचा बदल: टी म्हणजे थ्रिओनिन, आय म्हणजे आयसोल्युसिन. नंतर आलेली डासाटिनिब, निलोटिनिब ही जास्त ताकदीची औषधंही इथेच अडतात. त्यामुळे ‘आणखी जोरदार गोळी द्या’ हा नातेवाइकांचा आग्रह इथे फुकट. आधी जनुकाची तपासणी.

पण हा बदल औषधाने घडवलेला नसतो. पेशी दुभंगताना अशा चुका होतच असतात. वर्षानुवर्षं एकच तणनाशक मारलेल्या शेतात जे त्याला दाद देत नाही तेच तण माजतं. इथेही बाकीच्या पेशी मेल्या की या एकीला रान मोकळं.

२०१२ साली आलेल्या पोनाटिनिबच्या रेणूत कार्बनचा तिहेरी बंध आहे, सरळ बारीक काडीसारखा. तो आयसोल्युसिनच्या कडेने निसटतो. मात्र रक्तवाहिन्या तुंबण्याचा धोका असल्याने ते जपूनच देतात. २०२१चं असिमिनिब त्या खाचेच्या वाटेलाच जात नाही, प्रथिनाच्या दुसऱ्याच खोबणीत बसतं. तरी टी३१५आय असेल तर त्याची मात्रा दिवसाला ८० मिलिग्रॅमवरून ४००वर न्यावी लागते.