लोअर केलेल्या मोटारींतील चाकांचे संरेखन व टायरांची विषम झीज

मोटारीची जमिनीपासूनची उंची मूळ मापापेक्षा कमी केली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी ‘लोअर’ केली, की चाकांचे कोन बदलतात. ते पुन्हा जुळवून घेतले नाहीत, म्हणजे संरेखन (अलाइनमेंट) केले नाही, तर टायर एकाच कडेने झिजतात, आणि ती कड बहुतेक वेळा आतली असते. ‘गाडी टायर खाते’ ही तक्रार घेऊन येणारा मालक सहसा कँबरला दोष देतो, कारण चाकाचा तिरकेपणा डोळ्यांना दिसतो. प्रत्यक्षात झीज कोठे होणार हे कँबर ठरवतो. ती किती वेगाने होणार हे मुख्यतः टो ठरवतो.

चाक समोरून पाहताना उभ्या रेषेपासून जितके कलते तो कँबर. वरची कड आत कलली तर तो ऋण. वरून पाहताना दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे वळलेल्या असतील तर टो-इन, फाकलेल्या असतील तर टो-आउट. कॅस्टर हा स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल. टायरच्या झिजेवर त्याचा परिणाम थोडा, मात्र गाडी एका बाजूला ओढण्यावर बराच. कोन अंश व मिनिटांत मोजतात (१ अंश म्हणजे ६० मिनिटे).

गाडी बसकी करण्याची प्रथा कोठे सुरू झाली याविषयी एकमत नाही. एक मत तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दक्षिण कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांत शोधते: डिकीत वाळूची पोती टाकायची, स्प्रिंगचे वेढे कापायचे आणि संथपणे मिरवायचे. दुसरे मत त्याआधीच्या, कॅलिफोर्नियातीलच मुरॉक येथील कोरड्या तलावावरील शर्यतींपर्यंत मागे जाते. तेथे उंची घटवण्यामागे वाऱ्याचा विरोध कमी करण्याचा हेतू होता. दोन्हींचे हेतू इतके वेगळे आहेत, की हे दोन स्वतंत्र उगम मानणे अधिक सयुक्तिक दिसते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत कलम २४००८ आले. रिमच्या तळकडेच्या खाली गाडीचा कोणताही भाग येऊ नये, असे ते सांगत होते. त्यावर तोड म्हणून रॉन अगीरे यांनी १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले व उंची हवी तेव्हा वरखाली करण्याची सोय केली. २०२३ मध्ये संमत झालेल्या ए. बी. ४३६ या कायद्याने हे बंधन १ जानेवारी २०२४ पासून उठले. जपानमध्ये ‘शाकोतान’ हा बसक्या गाड्यांचा प्रकार साधारणपणे १९७० च्या दशकात रुजला. चाके टोकाची तिरकी ठेवणारा ‘ओनिक्यान’, म्हणजे राक्षसी कँबर, ही तेथलीच नंतरची शाखा होय.

आज लोअर होणाऱ्या लहान गाड्यांपैकी बहुतेकींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग व शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेली रचना, असते. त्याचे श्रेय अर्ल मॅकफर्सन यांना दिले जाते. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॅडेट या प्रकल्पासाठी त्यांनी ही रचना आखली. प्रकल्प १९४७ मध्ये गुंडाळला गेल्यावर ते फोर्डमध्ये गेले. रचनेचा पहिला वापर फ्रान्समधील फोर्ड व्हेडेटचा की १९५० च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलचा, यावर मतभेद आहेत. फियाटचे ग्विदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकातच याच्याशी मिळतीजुळती मांडणी केली होती, हेही नोंदवले जाते. कल्पना जुनी आणि तिला उत्पादनयोग्य रूप मॅकफर्सन यांचे, असे मानणे योग्य.

या रचनेत चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा आर्म मूळ उंचीला बाहेरच्या टोकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली घेतली की तो आडवा होत जातो आणि कँबर ऋण बाजूला सरकतो. २५ ते ४० मिमी. उतरवल्यास हा फरक बहुधा अर्ध्या ते एक अंशाच्या आसपास राहतो. आर्मच्या बाहेरच्या टोकाच्या बॉल जॉइंटपासून स्ट्रटच्या वरच्या टोकापर्यंतच्या रेषेशी आर्म काटकोनात आला की ही वाढ थांबते व पुढे उलटते. म्हणून फार बसवलेल्या गाडीचे बाहेरचे चाक वळणावर दबले तरी त्याला आणखी ऋण कँबर मिळत नाही. शिवाय रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जाते आणि स्प्रिंग कडक नसतील तर गाडी पूर्वीपेक्षा अधिक झुकते. डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्म असलेल्या, रचनेत वरचा आर्म आखूड असल्याने कँबर अधिक झपाट्याने वाढतो. १९८७ ते २००० या काळातील होंडा सिव्हिक लोअर केल्यावर मागचे टायर आतून खाते अशी ख्याती होती, त्याचे एक कारण हेच.

टोचे गणित वेगळे आहे. टाय रॉड (स्टेअरिंगचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा) आणि खालचा आर्म यांची लांबी व कल सारखा नसल्याने दोघांची टोके वेगवेगळ्या कमानींत फिरतात. उंची बदलली की टो हलतोच. तो आत जाईल की बाहेर, हे स्टेअरिंगचा रॅक चाकांच्या अक्षाच्या पुढे आहे की मागे आणि किती उंचीवर आहे यावर ठरते. अनेक गाड्यांत तो बाहेर जातो. एका चाकाला ०.१ अंश टो चुकला तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे १.७५ मी. आडवे फरफटते, १०,००० किमी.मध्ये साडेसतरा किलोमीटर. १६ इंची रिमवर १ मिमी. टो म्हणजे सुमारे साडेआठ मिनिटे, यावरून चूक किती बारीक असते हे लक्षात यावे. याउलट दोन अंशांपर्यंतचा ऋण कँबर टो बरोबर असल्यास टायरचे आयुष्य फारसे कमी करत नाही. काही जर्मन गाड्यांना मागे जवळपास इतका कँबर कारखान्यातूनच असतो. ऋण कँबर आणि टो-आउट एकत्र आले की भार टायरच्या आतल्या खांद्यावर (कडेवर) व फरफटही तिथेच, आणि टायर काही महिन्यांत आतल्या तारेपर्यंत झिजतो.

दोष कोणता हे हाताने कळते. तळवा टायरच्या पृष्ठावरून आडवा फिरवावा. बाहेरून आत नेताना कडा बोचल्या आणि उलट दिशेने गुळगुळीत लागल्या तर टो-आउट. याच्या उलट लागले तर टो-इन. झीज तिरकी पण गुळगुळीत असेल तर दोष कँबरचा. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉकअप संपला आहे किंवा गाडी सतत बंप-स्टॉपवर (स्प्रिंगची हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते आहे. दोन्ही कडा झिजून मध्य शाबूत असणे हे कमी हवेचे लक्षण. बसक्या गाडीत आतला खांदा मडगार्डखाली झाकला जातो. पुढचे चाक पूर्ण वळवून तो पाहता येतो, मागच्यासाठी जॅक लावावाच लागतो. बाहेरून ५ मिमी. खोली दिसणाऱ्या टायरच्या आत तार उघडी पडलेली असणे हे येथे नेहमीचे. भारतात मोटारीच्या टायरची किमान खोली १.६ मिमी. असून ती आतल्या कडेलाही मोजावी.

संरेखन करण्यापूर्वी बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके आणि बुश (सांध्यांतील रबरी अस्तर) तपासतात. सैल भागांवर केलेले माप टिकत नाही. नवीन स्प्रिंग बसायला काहीशे किलोमीटर लागतात, म्हणून बसवल्यावर लगेच एकदा आणि ३०० ते ५०० किमी.नंतर पुन्हा अलाइनमेंट करावी. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नव्या उंचीला सैल करून पुन्हा आवळावे लागतात. हे काम हमखास राहून जाते. मग पिळलेले बुश गाडीला किंचित वर धरून ठेवतात व लवकर फाटतात, आणि उंची पुन्हा बदलून टो हलतो. माप घेताना हवा चारही चाकांत ठरल्याप्रमाणे, इंधनाची टाकी निम्मी. मालक एकटाच गाडी चालवत असेल तर काही कारागीर आसनावर तेवढे वजन ठेवतात. क्रम आधी मागची चाके, मग पुढची. प्रत्येक ठिकाणी कँबर आधी व टो शेवटी, कारण कँबर फिरवला की टो आपोआप बदलतो. मागचा टो डावीउजवीकडे असमान असेल तर गाडी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडे राहते.

मॅकफर्सन स्ट्रटला नकलशी (चाक धरणाऱ्या भागाशी) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी एक्सेंट्रिक (केंद्र एका बाजूला असलेला) कँबर बोल्ट घातल्यास बहुधा दीड अंशाच्या आसपास फेर मिळतो. स्ट्रटचे वरचे टोक आत-बाहेर सरकवू देणारी कँबर प्लेट अधिक देते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी, पिळू शकणारी तुळई) असलेल्या हॅचबॅकमध्ये कारखान्याची कोणतीही जुळणी नसते. तेथे स्टब ॲक्सल (चाकाचा आखूड आस) व बीम यांच्यामध्ये तिरकी शिम (पातळ चकती) घालणे हाच उपाय. रोजच्या गाडीला पुढे एक ते दीड अंश ऋण कँबर, एकूण टो शून्य ते १० मिनिटे इन, आणि मागे १० ते २० मिनिटे इन ही मापे सहसा चालतात. गाडीची स्वतःची मापे उपलब्ध असतील तर तीच प्रमाण. दोन बाजूंच्या कँबरमध्ये ३० मिनिटांहून जास्त फरक नसावा.

स्प्रिंग कापणे ही स्वस्त पद्धत सर्वांत त्रासाची. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक कापला की स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते, कापलेले टोक बैठकीवर नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की स्प्रिंग जागची सुटू शकते. गॅसने तापवून बसवलेल्या स्प्रिंगचे पाणी उतरते. ती पुढे हळूहळू, आणि दोन्ही बाजूंना असमान, खचत राहते. अशा गाडीचे संरेखन महिनाभरही टिकत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. रस्त्याचा प्रश्न याहून व्यावहारिक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १७ मी. त्रिज्येचा, ३.७ मी. रुंद व १०० मिमी. उंच असतो, पुढच्या व मागच्या चाकांत २.४५ मी. अंतर असलेली गाडी त्यावर मधोमध असताना तिच्या पोटाला केवळ ४५ मिमी.च्या आसपास मोकळीक लागते. पोट घासते ते गल्लीत हाताने घातलेल्या अरुंद, खड्या उंचवट्यांवर, जेथे पूर्ण उंची मोजावी लागते. तेथे किंवा खड्ड्यात दणका बसून आर्म वा टाय रॉड वाकला की टो पुन्हा जातो, म्हणून अशा आघातानंतर माप घेणे इष्ट.

आतून झिजू लागलेला टायर रिमवर उलटा चढवून त्याचे उरलेले आयुष्य वापरता येते, पण आत-बाहेर ठरलेल्या असममित टायरला ही सोय नाही. दिशादर्शक बाण असलेला टायर उलटा चढवल्यास दुसऱ्या बाजूच्या चाकाला लावावा लागतो. उघडी तार दिसलेला टायर मात्र उलटवू नये, काढून टाकावा.