कायोटी येतो, पण मागून

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातली जानेवारीतली सकाळ. रात्री चार बोटं बर्फ पडून गेलंय. टेकाडाच्या उतारावर, सुक्या गवतात पाठ टेकून एक शिकारी बसलाय. तोंडात पिपाणीसारखं छोटं साधन. ते फुंकलं की कुणीतरी धरलेल्या सशाची किंकाळी निघते. थांबून थांबून वीस मिनिटं तो फुंकतो, समोरचं कुरण डोळ्यांत तेल घालून न्याहाळतो. काही हलत नाही. ‘इथे कायोटीच नाहीत’ म्हणत तो उठतो आणि समोरच्या वाटेने गाडीकडे निघतो.

त्याच्या पाठीमागे साठ-सत्तर पावलांवर बर्फात ताजे ठसे आहेत. लांबट, चार बोटांचे, मधल्या दोन नखांची टोकं स्पष्ट उमटलेली. ठसे एका सरळ रेषेत येतात, मग टेकाडाला मोठा वळसा घालतात. एका जागी चारही पाय एकमेकांजवळ टेकलेत, म्हणजे जनावर तिथे थांबलं. तिथून पुढे लांब उड्यांच्या खुणा, आलेल्या दिशेनेच परत.

‘कॉलवर, म्हणजे अशा नकली आवाजावर, कायोटी येत नाही’ ही तिथल्या शिकाऱ्यांची नेहमीची तक्रार. पण पुष्कळदा तो आलेला असतो, आणि आपल्याला दिसण्याआधी त्याला आपण कळलेलो असतो.

कायोटी म्हणजे लांडग्याहून लहान, आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, श्वानकुळातलाच. नाव मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘कोयोत्ल’ शब्दावरून आलं. शास्त्रीय नाव कॅनिस लॅट्रान्स, म्हणजे भुंकणारा कुत्रा. ते निसर्गशास्त्रज्ञ थॉमस से यांनी 1823 मध्ये दिलं, आणि ज्या प्राण्यावरून दिलं तो नेब्रास्कातच, मिसुरी नदीच्या काठी मिळाला होता. माणसाने लांडगे संपवत आणले आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या मुलखात कायोटी पसरला. आज तो अलास्कापासून पनामापर्यंत आहे, शिकागोच्या वस्त्यांमध्येही आहे. विष, सापळे आणि बंदुका यांच्यातून तगून जो प्राणी वाढत गेला, त्याला बोलावून समोर आणायचं हे काम सोपं नाही. आपल्याकडे जुन्या शिकारीत हाकारे घालून सावज पुढे रेटत. इथे सावजाने आपल्या पायांनी चालत यायचं असतं.

आवाज कानावर पडला की कायोटीला पत्ता मिळतो. खात्री मात्र तो नाकाने करतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख असतात. कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, 10 कोटींच्या वर. शिवाय कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून, त्यामुळे समोरून येणारा वास विस्कटत नाही. कायोटी त्याच घरातला. सशाची किंकाळी ऐकली की तो सरळ धावत सुटण्याऐवजी वळसा घालून, वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला येतो. तिथे उभं राहिलं की वारा त्याला सगळं आणून देतो: ससा आहे का, रक्त आहे का, की माणूस, बुटांचं तेल आणि सकाळची कॉफी.

म्हणून बसायची जागा निवडताना समोर काय दिसतं याच्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, आपला वारा कुठे जातो हे बघावं. त्या बाजूला उघडं मैदान हवं, म्हणजे वास घ्यायला येणाऱ्या जनावराला ते ओलांडावं लागेल. त्या बाजूला घळ किंवा झाडोरा असेल तर तो त्यातूनच येणार आणि त्यातूनच परत जाणार. रिमोटवर चालणारा स्पीकर असेल तर तो आपल्यापासून 40-50 मीटरवर, वारा येतो त्या अंगाला ठेवावा. कायोटी स्पीकरचा वास घ्यायला वळसा घालतो, आणि आपल्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधी आपल्यासमोरून जातो.

डोंगरउतारावर वारा आणखी फसवतो. पहाटे थंड हवा जड होऊन उताराने खाली ओघळते. ऊन चढलं की उतार तापतो आणि हवा वर चढायला लागते. सकाळी सात वाजता घळीच्या काठावर बसलेल्या माणसाचा वास घळीच्या तळाशी साचत असतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसणारी वाऱ्याची दिशा त्या टेकाडापुरती खरी असेलच असं नाही. टाल्कम पावडरची एक चिमूट हवेत सोडा, ती कुठे तरंगत जाते ते बघा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा सोडा. वास झाकणारे फवारे बाजारात मिळतात, पण त्यांच्यावर माझा भरवसा नाही. कुत्र्याच्या नाकाला एका वासामागचा दुसरा वास वेगळा काढता येतो, म्हणून तर दडवलेले अमली पदार्थ शोधायला कुत्रा नेतात.

आता आवाज. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. 1 मीटरवर 110 डेसिबल असलेली किंकाळी 1 किलोमीटरवर, फक्त पसरल्यामुळे, 50 वर येते. हवा आणि गवत जे शोषून घेतात ते वेगळंच, आणि तीक्ष्ण आवाज त्यांत आधी विरतात. ताजं भुसभुशीत बर्फही आवाज गिळतं. पण वारा नसलेल्या थंड पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, तेव्हा आवाज वर निसटण्याऐवजी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि दूरवर पोचतो. दुपारी तापलेल्या जमिनीवर उलटं होतं, तो वर वळतो. वाऱ्याविरुद्धही तसंच. म्हणून दुपारी, वारा सुटलेला असताना, बसायच्या जागा एकमेकींपासून कमी अंतरावर घ्याव्या लागतात. आणि शांत पहाटे पहिलीच किंकाळी पूर्ण जोरात काढणं ही चूक ठरते: शेजारच्या झुडपात झोपलेला कायोटी दचकून पळतो. सुरुवात हळू करावी, दोन-तीन मिनिटांनी आवाज वाढवावा.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. कायोटीचंही तसंच आहे. सशाच्या किंकाळीमागून एकदा गोळी चुकून कानाजवळून गेली की ती किंकाळी त्याच्या लेखी माणसाची होते. शेजारच्या दहा शिकाऱ्यांनी एकाच कंपनीचा, एकाच सशाचा रेकॉर्ड केलेला आवाज महिनाभर वाजवला असेल तर त्या पट्ट्यातली वयात आलेली जनावरं त्याला भुलत नाहीत. अशा ठिकाणी आवाज बदलावा. उंदराची बारीक चिरचिर, सुतार पक्ष्याचा ओरडा, नाहीतर खुद्द कायोटीची भाषा.

ही भाषा समृद्ध आहे. संशोधक फिलिप लेनर यांनी 1978 मध्ये कायोटीचे 11 प्रकारचे आवाज नोंदवले: गुरगुर, हुंकार, भुंकणं, केकाटणं, एकट्याची लांब हाळी, सगळ्यांनी मिळून केलेला कल्ला. दोघांचा कल्ला दूरून ऐकणाऱ्याला सहा-सात जणांचा वाटतो, कारण प्रत्येक जण सूर झपाट्याने बदलत असतो. यातलं काय वाजवतोय हे न कळता वाजवणं घातक. भुंकत भुंकत काढलेली हाळी ही धोक्याची सूचना असते. ती वाजवून कुणाला बोलावता येत नाही. एकट्याची साधी हाळी मात्र ‘या मुलखात कुणी परका आलाय’ असं सांगते, आणि जोडीने हद्द राखणाऱ्या नराला ते सहन होत नाही. श्वानकुळाचा हाच स्वभाव संशोधकही वापरतात. महाराष्ट्रात लांडग्यांच्या अभ्यासासाठी रेकॉर्ड केलेल्या हाळ्या वाजवून येणारी उत्तरं टिपली गेली आहेत. शिकारीसाठी असं काही करणं आपल्याकडे गुन्हाच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडगा, कोल्हा आणि खोकड तिघांनाही संरक्षण दिलंय.

कोणता आवाज कधी, हे कायोटीच्या वर्षावर ठरतं. शरद ऋतूत त्या वर्षीची पिल्लं घर सोडून भटकत असतात. ती अननुभवी आणि भुकेली, सशावर सहज येतात. कडाक्याच्या थंडीतही भूक चालते. जानेवारी अखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत जोड्या जमतात, तेव्हा हाळी सरस ठरते. साधारण 63 दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये, बिळात पिल्लं येतात. त्या काळात पिल्लाची रडारड वाजवली तर आईबाप हमखास धावत येतात, हे खरं आहे. पण ते मला पटत नाही. कोकरं पळवणारी एखादी जोडी असेल तर मेंढपाळाची गरज मी समजू शकतो. नुसत्या हौसेसाठी ते करू नये, कारण मागे बिळात पिल्लं उपाशी मरतात. आणि संख्या कमी करायची म्हणून मारत असाल तर 1975 मध्ये संशोधक गाय कॉनली आणि विल्यम लाँगहर्स्ट यांनी कॅलिफोर्नियात मांडलेलं गणित बघा: दरवर्षी 75 टक्के कायोटी मारले तरी ते पूर्ण संपायला सुमारे 50 वर्षं लागतील. उरलेल्यांना जास्त पिल्लं होतात, ती जास्त जगतात, आणि रिकाम्या जागेत शेजारचे येऊन बसतात.

नजरेबद्दल थोडक्यात. श्वानकुळाला निळा आणि पिवळा रंग वेगळा कळतो, लाल-नारिंगी मळकट दिसतो. त्यामुळे सुरक्षेसाठी घातलेलं नारिंगी जाकीट अडचण करत नाही, ते काढू नका. अडचण करते ती हालचाल. चेहरा आणि हात झाका, सूर्य पाठीशी घ्या, आणि बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवून ठेवा.

राहिला प्रश्न किती वेळ बसायचं याचा. दोन किलोमीटरवरून किंकाळी ऐकलेला कायोटी दुडक्या चालीने, ताशी 8 किलोमीटरने निघाला तरी त्याला सरळ यायलाच 15 मिनिटं लागतात. तो सरळ येत नाही. घळीने येतो, दर टेकाडावर थांबून कानोसा घेतो, मग वळसा घालतो. विसाव्या मिनिटाला ढुंगण झटकत उठलेला माणूस त्याला कडेच्या टेकाडावरून दिसतो, आणि त्या जागेवर पुन्हा वाजलेली किंकाळी तो पुढे बराच काळ ओळखतो. अर्धा तास बसा. शेवटची दहा मिनिटं पिपाणी खिशात ठेवून नुसते मागे बघत बसलात तरी चालेल.