पापुद्रा पुन्हा धरेपर्यंत

"बंद करून ठेवलं तेव्हा अगदी व्यवस्थित चालत होतं." जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकताक्षणी मी पहिला प्रश्न विचारतो, "पुन्हा बटण दाबून पाहिलंत का?" उत्तर बहुतेक वेळा हो असतं. पंधरा-वीस वर्षं झाकून ठेवलेलं लेथ मशीन किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं शिवणयंत्र कोणीतरी बाहेर काढतं, धूळ पुसतं, प्लग लावतं. दोन-चार सेकंद सगळं ठीक. मग फट् असा आवाज, पांढरा धूर आणि नाकात बसणारा आंबूस वास.

त्यानंतर निदानं सुरू होतात. मोटर जळली. इलेक्ट्रॉनिक्सचं आयुष्य असतं तेवढं संपलं. यंत्राला नजर लागली असं मनापासून म्हणणारेही भेटतात. पण यंत्र चालवणाऱ्याची नजर त्या कंट्रोल बोर्डवर कधी पडलेलीही नसते. जे बिघडतं ते रसायनशास्त्राच्या नियमांनी बिघडतं. वापराने यंत्र झिजतं हे आपल्याला सहज पटतं. न वापरल्यानेही त्यातला एक भाग आतून झिजत असतो आणि सावकाश वीज देऊन तो पुष्कळदा पूर्ववत करता येतो, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं. मला या कामाची गोडी लागली ती या एका गोष्टीमुळे.

वेग कमीजास्त करता येणाऱ्या यंत्रात मोटर थेट मेन्सवर चालत नाही, मधे ड्राइव्ह, म्हणजे वेग ठरवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, असतो. इन्व्हर्टर प्रकारचा ड्राइव्ह आधी एसीचं डीसी करतो. २३० व्होल्ट हे एसीचं आरएमएस मूल्य, म्हणजे एक प्रकारची सरासरी झाली. लाटेचा माथा त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टवर असतो. डायोडमधून आलेली ही वीज मोठ्या डब्यासारख्या कपॅसिटरमध्ये साठते आणि तिथून ट्रान्झिस्टर तिचे हवे तसे तुकडे पाडून मोटरला पुरवतात. धूर निघतो तो या डब्यातून. जुने मेकॅनिक त्याला अजूनही कंडेन्सर म्हणतात.

कपॅसिटर म्हणजे समोरासमोरच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये रोधक, हे शाळेत शिकलेलं असतं. पट्ट्यांचं क्षेत्रफळ जितकं जास्त आणि अंतर जितकं कमी, तितकी साठवण जास्त. आता असा एक डबा कापून उघडला तर आत ॲल्युमिनियमच्या दोन फॉइलची गुंडाळी दिसते, मधे कागद, आणि कागदात मुरलेलं एक द्रव, इलेक्ट्रोलाइट. साहजिकच वाटतं की कागद हाच रोधक. तसं नाही. कागदाचं काम फक्त द्रव धरून ठेवायचं आणि फॉइल एकमेकींना लागू न द्यायचं. खरा रोधक आहे धन बाजूच्या फॉइलवर वाढवलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा. त्याच्या एका अंगाला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या अंगाला थेट द्रव. दुसरी फॉइल फक्त त्या द्रवापर्यंत वीज नेते, पट्टीचं काम द्रवच करतं.

हा पापुद्रा किती जाड असतो? घडवताना दिलेल्या दर व्होल्टमागे साधारण १.३ नॅनोमीटर. ४५० व्होल्टच्या कपॅसिटरची फॉइल त्याहून बऱ्याच जास्त, समजा ६०० व्होल्टला घडवली, तर पापुद्रा होतो ०.८ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या जवळजवळ शंभरावा भाग. एवढ्याशा जाडीवर ४५० व्होल्ट तोलले जातात! याच हिशेबाने एक मिलिमीटर जाडीवर साडेपाच लाख व्होल्ट होतील. हवा एक मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्टलाच हार मानते.

थोडं गणित करूच. ०.८ मायक्रोमीटर जाडी आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पराविद्युत स्थिरांक (रोधकामुळे साठवण किती पट वाढते तो आकडा) ९ धरला, तर एक चौरस सेंटिमीटर सपाट फॉइलची धारकता, म्हणजे साठवण, भरते १० नॅनोफॅरड. ड्राइव्हमधल्या ४७० मायक्रोफॅरडच्या डब्यासाठी अशी ४७,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पावणेपाच चौरस मीटर फॉइल लागेल. ती मुठीएवढ्या डब्यात कशी मावणार? म्हणून फॉइल आधी आम्लात कोरून घेतात. तिच्यावर सूक्ष्म बोगद्यांचं जाळं तयार होतं आणि खरं क्षेत्रफळ वीस-पंचवीस पटींनी वाढतं. पापुद्रा या प्रत्येक बोगद्याच्या आतल्या भिंतीवर धरलेला असतो.

तो मुळात धरतो कसा, हा माझा सर्वांत आवडता भाग. ॲल्युमिनियम द्रवात बुडवून त्याला धन टोक जोडलं की पाण्यातला ऑक्सिजन ॲल्युमिनियमशी संयोग पावतो आणि दुसऱ्या टोकाला हायड्रोजन सुटतो. पृष्ठभागावर ऑक्साइड जमायला लागतं. पण ऑक्साइड तर रोधक! मग पहिला थर बसल्यावर वाढ थांबायला हवी. ती थांबत नाही, कारण पापुद्रा इतका पातळ असतो की त्यातलं विद्युतक्षेत्र अतिप्रचंड होतं, दर नॅनोमीटरला सुमारे पाऊण व्होल्ट. एवढ्या ओढीने ॲल्युमिनियमचे आयन पापुद्र्यातून बाहेरच्या दिशेने आणि ऑक्सिजनचे आयन आतल्या दिशेने सरकतात, भेटतात तिथे नवं ऑक्साइड होतं. जाडी वाढली की तेच व्होल्टेज जास्त अंतरावर वाटलं जातं, क्षेत्र उतरतं आणि आयनांचा प्रवाह नुसता कमी होत नाही, घातांकी पद्धतीने कोसळतो. म्हणून दर व्होल्टला ठरावीक जाडी झाली की वाढ जवळजवळ थांबते. जाडी मोजायला कोणी बसलेलं नसतं. व्होल्टेजच तिचं माप ठरवतं.

यातूनच पुढची करामत निघते. पापुद्र्यात एखादी जागा कच्ची राहिली, तर नेमकं तिथलं क्षेत्र जास्त असतं, म्हणून प्रवाह तिथेच जास्त जातो आणि ऑक्साइडही तिथेच जास्त बसतं. जखमेवर खपली धरावी तसं. दुरुस्तीला लागणारी वीज आपोआप दुरुस्तीच्या जागी जाते.

हे ऑक्साइड द्रवात टिकवणं सोपं नव्हतं. आम्लात किंवा तीव्र अल्कलीत ते विरघळतं. कारोल पोलाक या पोलिश संशोधकाच्या लक्षात आलं की उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी द्रवात वीज काढून घेतली तरी पापुद्रा टिकून राहतो. त्याने टाकणखाराचं विरळ द्रावण वापरलं आणि १८९७ मध्ये ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं पेटंट मिळवलं. आजचे इलेक्ट्रोलाइट खूप वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे.

टिकतो, पण कायमचा नाही. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की द्रवातलं पाणी हळूहळू पापुद्रा पोखरतं. तो सगळीकडे सारखा झिजत नाही. इथेतिथे कच्च्या जागा पडतात. यंत्र रोज चालू असताना त्या रोज भरून निघत होत्या. बंद यंत्रात भरणारं कोणी नसतं. अशा कपॅसिटरवर एकदम ३२५ व्होल्ट आदळले की हजारो कच्च्या जागांतून एकाच वेळी प्रवाह धावतो. ही गळती १०० मिलिअँपिअर असली तरी डब्याच्या आत ३२ वॅट उष्णता होते. गरम झाल्यावर गळती आणखी वाढते, तिने उष्णता आणखी वाढते. हायड्रोजन आणि वाफेचा दाब चढतो आणि डब्याच्या डोक्यावरची सुरक्षा-खाच फुटते. त्या डब्याला खपली धरायची होती, आपण वेळ दिला नाही.

वेळ देण्याच्या या कृतीला 'रिफॉर्मिंग' म्हणतात. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिकांतही वर्ष-दोन वर्षांहून जास्त पडून राहिलेल्या ड्राइव्हसाठी ती सांगितलेली असते. कपॅसिटर बाकीच्या सर्किटपासून सोडवायचा आणि डीसी पुरवठा मोठ्या रेझिस्टरमधून द्यायचा. ३२५ व्होल्ट आणि ३३ किलोओहम घेतले, तर कपॅसिटर पूर्ण शॉर्ट असला तरी १० मिलिअँपिअरच्या वर काही जाऊ शकत नाही. रेझिस्टर पाच वॅटचा घ्यावा. ४७० मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर या जोडणीत दीड मिनिटात ३२० च्या वर पोचतो. जुना १८० व्होल्टवर रेंगाळतो. म्हणजे रेझिस्टरवर १४५ व्होल्ट पडलेत, म्हणजे ४.४ मिलिअँपिअर गळती आहे. मग मीटरचा काटा हळूहळू वर सरकायला लागतो. १९०, २१०, २४०. तासाभराने ३०० आला तर गळती पाऊण मिलिअँपिअरवर उतरली. बाहेरून काहीच हलत नसतं, पण आकडा सांगत असतो की बोगद्यांच्या भिंतींवर ऑक्साइड बसतंय. हे पाहत बसण्यात मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत.

इथे दोन इशारे. ४७० मायक्रोफॅरड ३२५ व्होल्टला भरला की त्यात २५ जूल ऊर्जा असते. ती छातीतून गेली तर जीव घेऊ शकते. काम झाल्यावर कपॅसिटर रेझिस्टरमधूनच रिकामा करायचा, मीटरने तपासायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा तपासायचा, कारण पराविद्युतात, म्हणजे त्या रोधक पापुद्र्यात, मुरलेला भार परत डोकं वर काढतो. ज्यांनी मेन्सवर कधी काम केलेलं नाही, त्यांनी हे जाणकाराच्या हातूनच करून घ्यावं. दुसरा इशारा सिरीज बल्बवर, म्हणजे यंत्राच्या वाटेत एक बल्ब जोडून वीज देण्यावर, विसंबणाऱ्यांसाठी. १०० वॅटच्या बल्बची तार गरम असताना ५२९ ओहम असते आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. बोर्डवर शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून बाकीचं वाचवतो, पण थंड बल्ब रिफॉर्मिंगसाठी फारच मोकळा रस्ता आहे. व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज हवं तसं कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) सबंध ड्राइव्हला हळूहळू व्होल्टेज चढवणंही बरं नाही. आतला स्विचिंग पुरवठा कमी व्होल्टेजवर तीच ताकद काढण्यासाठी जास्त करंट ओढतो.

रिफॉर्मिंग पापुद्रा परत देतं, द्रव देत नाही. रबरी बुचातून इलेक्ट्रोलाइट उडून गेलेला कपॅसिटर सुकलेला असतो, त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, आणि त्याला बदलण्याखेरीज इलाज नाही. सुकण्याचा वेग तापमानावर आहे: दर १० अंश सेल्सिअस कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकतो. म्हणून बोर्डवरच्या गरम हीटसिंकला चिकटून असलेले छोटे कपॅसिटर मी सरळ बदलतो. मोठे मात्र आधी मोजतो. जुनं आहे म्हणून सगळा बोर्ड उपसून काढायची पद्धत मला मान्य नाही. त्यात पन्नास वर्षं तग धरलेले तांब्याचे पट्टे उखडतात. आणि 'प्लगमध्ये लावा, वीजबिल निम्मं करा' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांपासून सावध राहा. आत बहुधा एक साधा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. किलोवॅट-तास मोजणाऱ्या मीटरवर त्याने काहीही फरक पडत नाही.

आता मोटर. ती बहुतेकदा शाबूत असते. वाइंडिंगने दमट हवा ओढलेली असते, म्हणून मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, ते तपासायचं. जुन्या लहान मोटरीला निदान एक-दीड मेगओहम तरी यायला हवेत. कमी आले तर मंद उष्णतेने वाळवून पुन्हा मोजायचं. कित्येक मोटरी नुसत्या वाळवल्यावर सुधारतात. बेअरिंगमधलं ग्रीस साबणासारखं घट्ट झालेलं असतं, ते बदलायचं. सिंगल फेज मोटर नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल, तर तिचा कपॅसिटर बघा. पण रन कपॅसिटर, म्हणजे मोटर फिरत असताना जोडलेलाच राहणारा, प्लास्टिक फिल्मचा असतो, त्याला रिफॉर्मिंग लागू नाही.

ब्रशच्या मोटरीत कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर टेकतात त्या फिरत्या तांब्याच्या कड्यावर, चॉकलेटी रंगाचा एकसारखा थर दिसला तर त्याला हात लावू नका. तोही पापुद्राच आहे, तांब्याच्या ऑक्साइडचा आणि ग्रॅफाइटचा, आणि ब्रश त्यावरच कमी घर्षणाने सरकतो. चकाकी आणण्याच्या उत्साहात तो घासून काढला की ब्रश झपाट्याने झिजतात.

डीसी ड्राइव्हची एक खोड जिवावर बेतू शकते. मोटरच्या मागे बसवलेला छोटा टॅको जनरेटर वेगाचा निरोप कंट्रोल बोर्डला देत असतो. त्याची वायर तुटली की बोर्डला वाटतं मोटर थांबलीय, आणि तो पूर्ण ताकद सोडतो. मोटर बेफाम पळते. शंट मोटरचं फील्ड, म्हणजे चुंबकक्षेत्र तयार करणारी वाइंडिंग, तुटलं तरी ती अशीच पळते. म्हणून पहिल्या चाचणीआधी टॅकोची आणि फील्डची वाइंडिंग मीटरने तपासायची, पट्टा उतरवायचा, चकमध्ये (लेथच्या फिरत्या पकडीत) काहीही धरायचं नाही आणि एक हात आपत्कालीन बटणावर ठेवायचा.

पहिली पाच मिनिटं मंद वेगावर. ब्रशखाली बारीक निळसर ठिणग्या चालतात, फिरणारं पिवळं कडं चालत नाही. मग यंत्र बंद करायचं, डीसी बस, म्हणजे मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज, शून्यावर आलेली मीटरवर पाहायची आणि कपॅसिटरच्या डब्याला बोट लावायचं. तो थंड असेल तर वेग वाढवून अर्धा तास चालवायचा आणि पुन्हा तसंच बघायचं. डबा कोमट लागला तर यंत्र तिथेच थांबवायचं, कपॅसिटर सोडवायचा आणि परत ३३ किलोओहमच्या मागे रात्रभर लावून ठेवायचा.